लाल पाटी आणि आपली शहानिशा



गेल्या गुरुवारी आरतीनंतर भालकीच्या एका अक्कांनी फोन पुढे केला. अभिषेकाची पावती फाडायची म्हणून कुठल्याशा ग्रुपवर आलेली लिंक उघडली, तर सगळा पडदा लाल आणि 'पुढे जाऊ नका' अशी पाटी. अक्का रागावल्याच. "देवाच्या कामात हे यंत्र कोण अडवणार?" आम्ही जरा गप्प झालो. प्रश्न काही खोटा नव्हता.

पण आपल्याच भागातली गोष्ट आठवा. जून 2025 मध्ये गाणगापूरची बातमी आली. दत्त देवस्थानच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून भक्तांचे पैसे खासगी खात्यांत घेतल्याचा आरोप झाला, आणि तोही तिथल्याच काही पुजाऱ्यांवर! 20 कोटींचा आकडा छापून आला. खरं-खोटं चौकशीत ठरेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनेही सावध केलं होतं, की केदारनाथचं हेलिकॉप्टर, सोमनाथचं भक्तनिवास यांच्या नावाने खोटं बुकिंग चालतं. म्हणजे आपली श्रद्धाच आमिष झाली की हो.

आमच्या मुलांनी समजावलं ते असं. ही कृत्रिम बुद्धिमत्ता साइटचं नाव किती जुनं आहे, खऱ्या नावात एखादं अक्षर फिरवलंय का, पान दुसऱ्याची नक्कल आहे का, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागतात का, हे क्षणात बघते. लाखो खोटी पानं बघून ती शिकलेली असते. तरी तिचा तो अंदाजच. पत्त्याशेजारच्या कुलपाचंही तसंच. मधे कुणी चोरून वाचणार नाही एवढंच ते सांगतं, पलीकडचा माणूस सज्जन आहे असं नाही.

अंदाज चुकतोही. आपल्या अन्नदानाच्या नावनोंदणीसाठी एका सेवेकऱ्याच्या मुलाने पान केलं होतं. नवीन नाव, त्यात मोबाइल नंबर मागितलेले. झालं, त्यालाही लाल पाटी! फार लागलं आम्हाला. चांगल्या कामाला चोर ठरवलं असं वाटलं. म्हणून आमचं मत, यंत्राने अडवावं, पण का अडवलं ते सांगावं, आणि निर्दोष माणसाला दाद मागायला जागा ठेवावी.

आणि उलट बाजू? पान नीटनेटकं आहे, पूजाही होते, फक्त पैसा देवस्थानऐवजी दुसऱ्याच्या खात्यात जातो. हे यंत्राला कुठून दिसणार? आम्हाला जास्त भीती याचीच वाटते. 'फोनने अडवलं नाही, म्हणजे बरोबर' असं घरातली मुलं आताच म्हणायला लागलीत.

काही जण म्हणतात, दान दिलं की आपलं पुण्य झालं, घेणारा त्याचं बघेल. आम्हाला हे पटत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र सांगितलंय. पात्र बघणं म्हणजे संशय नव्हे. बाजारात भाजी निवडून घेतो, मग देवाच्या पैशाला डोळे मिटायचे का? शिवाय आपण फॉरवर्ड केलेल्या लिंकवर जावेचे पैसे गेले, तर त्यात आपला वाटा नाही असं कसं म्हणणार?

कुणाचे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच 1930 ला फोन करा.

अक्कांनी ती लिंक पुसली. पौर्णिमेला स्वतः गाणगापूरला जाऊन देवस्थानच्या कार्यालयात पावती फाडणार म्हणाल्या. जीपमध्ये अजून दोन जागा आहेत, यायचं असेल त्यांनी रविवारपर्यंत सांगावं.