तू लेबल प्यायलास

बस. तो फोन आधी पालथा ठेव.

काल वर्गात मी मुद्दाम एक बिघडलेली बाटली ठेवली होती. बूच खराब. ग्लास नाकाशी नेला की भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, फळाचा मागमूस नाही. मागच्या बाकावरच्या नवख्या मुलीने लगेच हात वर केला. तू काय केलंस? बाटली फिरवून नाव वाचलंस, फोटो काढलास आणि म्हणालास, "वा! काय भारदस्त आहे!" अरे, तू वाइन प्यायलासच नाहीस. लेबल प्यायलास. आणि वर दर्दी म्हणवतोस!

दर्दी मी याच ओकलंडच्या बेसबॉल मैदानात पाहिलाय. २०२३ साली आपला ए'ज संघ १६२ पैकी ११२ सामने हरला. मालक संघ शहराबाहेर न्यायला निघालेले. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर स्कोअरकार्ड, हातात बोटभर उरलेली पेन्सिल. तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवता कुणी बाद झाला की उलटा 'के' काढायचे. डबल प्ले झाला की ६-४-३, म्हणजे शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसमनकडे, तिथून फर्स्ट बेसला. संघ सात धावांनी मागे होता, तरी शेवटच्या डावापर्यंत त्यांनी एक चौकट कोरी सोडली नाही.

तुझी वही कुठाय? पॅरिसची १९७६ची गोष्ट तू भेटेल त्याला ऐकवतोस. स्टीव्हन स्परियरने फ्रेंच परीक्षकांना नावं न सांगता चाखायला दिलं, आणि स्टॅग्ज लीपची कॅबरने, शातो मॉन्टेलेनाची शार्दने, दोन्ही नापाच्या आणि १९७३च्या, पहिल्या आल्या. नाव दिसलं नाही म्हणून जीभ खरं बोलली, एवढंही त्यातून घेतलं नाहीस? एका तरी बाटलीला कागद गुंडाळून चाखलंस? एकाच मळ्याची तीन सालं शेजारी मांडलीस? २०२० मध्ये नापात वणवे पेटले, द्राक्षांत धूर उतरला, कित्येकांनी त्या वर्षीची लाल वाइन काढलीच नाही. ज्यांनी काढली त्यांचीही तू चाखली नाहीस. का, तर गुण कमी! हरलेला मोसम तुला बघायचाच नाही.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. तू निफाडचा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी बघत वाढलास. काडी पिकली की नाही हे ती हातात घेऊन सांगणारे आजोबा तुझ्या घरात आहेत. इथे वेल थंडीत झोपते, म्हणून छाटणी एकदाच. तिकडे ती झोपतच नाही, म्हणून दोनदा. असं का, हा प्रश्न वर्गात सगळ्यांआधी तुला पडायला हवा होता. चार वर्षं झाली तुला इथे. टेस्टिंग रूम सगळ्या पालथ्या घातल्यास, वेलींच्या रांगेत एकदाही पाय ठेवला नाहीस.

आज रात्री आजोबांना फोन लाव, तिकडे सकाळ असेल. काडीवर किती डोळे ठेवतात आणि का, ते नीट विचारून लिहून घे. शनिवारी पहाटे सहाला नापाला निघायचंय, तिथे एका बागेत छाटणी चालू आहे. जाड बूट घाल. फोन गाडीत राहील. कात्री मी आणते, वही-पेन्सिल तू आण.