धोका कुणाचा, अंदाज कुणाचा?

बिदरचा महमूद गावानचा मदरसा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. १४७२ मध्ये उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाची दर्शनी भिंत आज अर्धीच आहे. दोन मनोऱ्यांपैकी एक उरला आहे. मोगल अमलात तेथे तोफांची दारू साठविली होती आणि १६९६ मधील स्फोटात बाकीचा भाग उडाला. वीज पडून ठिणगी लागली, असेही सांगतात. वीज आकाशातली खरी, पण विद्यागृहात दारू ठेवण्याचा निर्णय माणसाचा होता. जागा भक्कम, कोरडी, पहाऱ्यातली. ठेवणाऱ्याने हिशेब केलाच असणार.

आज विद्यापीठांतील प्रयोगशाळांसाठी असा हिशेब करण्याची रीतसर पद्धत आहे. अपघाताची शक्यता किती आणि झाल्यास हानी किती, यांना गुण देऊन गुणाकार करायचा. तो मोठा आला तर आधी घातक द्रव्यच टाळता येते का हे पाहायचे. मग सौम्य पर्याय, मग यंत्राचा आडोसा, मग कामाची शिस्त आणि सर्वांत शेवटी चष्मा व हातमोजे. क्रम शहाणपणाचा आहे. (आपल्याकडे तो बहुधा हातमोज्यांपासून सुरू होतो, तेही तपासणी पथक येणार असेल तर.) परंतु गुणाकाराला एक गोष्ट कळत नाही. हानी कुणाची, हे आकड्यात उतरत नाही. अंदाज बांधणारा आणि धोका सोसणारा हे दोघे वेगळे असतील, तर त्या अंदाजाला नैतिक आधार कोणता?

दिल्ली विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. तेथील रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले गॅमा किरणांचे एक उपकरण होते. त्यात कोबाल्ट-६० होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते आणि फेब्रुवारी २०१० मध्ये भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते फोडले. त्यातला एक चकचकीत तुकडा एका दुकानदाराने पाकिटात ठेवला. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एप्रिलमध्ये एक कामगार मरण पावला. कोबाल्ट-६० ची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे पंचवीस वर्षांत ती सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती. तेवढा उरलेला हिस्साही माणूस मारण्यास पुरेसा ठरला.

सरकारी सेवेत असताना निरुपयोगी साहित्याच्या लिलावाच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या. फाईल विचारते: वस्तू कधी घेतली, किंमत काय होती, आता काय येईल, सह्या कुणाच्या. या वस्तूला उद्या हात कोण लावणार, हे ती विचारत नाही. सगळ्या सह्या जागेवर असूनही माणूस मरू शकतो, हे मायापुरीने दाखविले. आणि मेला तो कोण? ज्याने त्या प्रयोगशाळेचा उंबराही पाहिला नव्हता, ज्याला त्या संशोधनातून एक पैचाही लाभ नव्हता.

यावर कुणी म्हणेल, धोका पत्करल्याविना ज्ञान कुठे मिळते? मादाम क्युरींनी पत्करलाच. खरे आहे, त्यांच्या वह्या आजही किरणोत्सर्गी आहेत आणि १९३४ मध्ये त्या रक्ताच्या आजाराने गेल्या. पण तो धोका त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला होता. आपल्या जिवावर उदार होणे निराळे आणि दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे निराळे. मराठीत त्या दोन वृत्तींना एकच शब्द लावताना जीभ अडखळते.

अवघड प्रश्न मधल्या माणसाचा आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, ध्वनीपेक्षा कित्येक पट वेगाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत, स्फोट झाला. बत्तीस वर्षांचा एक अभियंता जागीच गेला, तिघे जखमी झाले. हे सारे जाणकार होते, स्वेच्छेने कामाला आले होते. म्हणून त्यांची संमती पूर्ण मानायची का? माझे मत तसे नाही. भालकी-आळंदकडच्या खेड्यातून आलेला, घराण्यात पहिलाच पदवीपर्यंत पोहोचलेला मुलगा आपल्या मार्गदर्शकाला “सर, हा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला नाही” असे सांगू शकतो काय? गुण, शिफारसपत्र, पदवी सारे त्याच हातात असते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला मी संमती म्हणणार नाही. तेव्हा अंदाजाच्या तक्त्यावर प्राध्यापकांच्या सहीबरोबर विद्यार्थ्याची हरकत नोंदविण्याची जागा हवी, आणि हरकत आली तर काम त्या दिवशी थांबावे.

आणि काचसामान धुणाऱ्या बाईंचे काय? त्यांना विचारण्याची रीतच नाही. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत. त्या कन्नड जाणतील, मराठी जाणतील, दखनी बोलतील. इंग्रजी कुठून जाणणार? तीन भाषांचा अभिमान मिरविणाऱ्या आपल्या सीमाभागात ज्याला इजा होणार त्याच्याच भाषेत सूचना लिहिलेली नसावी, हे मला खटकते. लाल चौकटीतली कवटी पाहून कुणालाही कळते. वर्तुळावर पेटलेली ज्योत म्हणजे हे द्रव्य दुसऱ्याची आग भडकवते, हे मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगायला अर्धा तास पुरतो.