करवलीचा प्रश्न



गेल्या नाताळात आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. आई म्हणाल्या, ‘फादर, हिच्या तिकडच्या मैत्रिणीचं लग्न आहे. त्याआधी सगळ्या मुली मिळून पोलंडला जाणार, मौजमजा करणार, आणि ती सगळी व्यवस्था म्हणे हिनेच करायची. तुम्हीच सांगा, हे आपल्याला शोभतं का?’

या प्रकाराला ‘हेन पार्टी’ म्हणतात. हेन म्हणजे कोंबडी. नावावर जाऊ नये. लग्नाच्या काही आठवडे आधी वधूने मैत्रिणींसोबत एक संध्याकाळ घालवायची, अशी ब्रिटन-आयर्लंडकडील रीत. विमानप्रवास स्वस्त झाला तसे त्या संध्याकाळीचे दोन-तीन दिवस झाले आणि गावातल्या पबऐवजी प्राग, लिस्बन, क्राकोव अशी शहरे आली. वधूच्या खांद्यावरून गुलाबी पट्टा, पाठीवर शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीला लावतात तशी ‘एल’ची पाटी. वधूच्या वाट्याचा खर्च बहुधा बाकीच्या वाटून घेतात. आखणी मुख्य ब्राइड्समेडने, म्हणजे आपल्या भाषेत करवलीने, करायची.

आईच्या प्रश्नाला मी फार वेळ दिला नाही. आनंद करणे पाप नव्हे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचे सरबत केले नव्हते. कुठे थांबावे हे त्या मुलीला तुमच्या-माझ्याइतकेच कळते.

खरा प्रश्न मुलीने विचारला. ‘फादर, वधू सोडून आम्ही अकरा जणी. मी ग्रुपवर हिशेब टाकला. विमान, दोन रात्रींचा फ्लॅट, एक मोठं जेवण, सारखे टी-शर्ट. माणशी चारशे पौंड. तासाभरात सगळ्यांचे अंगठे आले. त्यातली एक केअर असिस्टंट आहे, एकटीने मूल वाढवते, महिनाअखेरीस जादा रात्रपाळ्या घेते. तिला परवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिनेही अंगठा दिला. ती हो म्हणाली, म्हणजे माझी जबाबदारी संपली ना?’

आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे नकार. मोबाइलवर तो होकार झाला आहे. पण हा अंगठा मला सावकाराच्या कागदावर उठवलेल्या अंगठ्यासारखा वाटला.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात एक उदाहरण घेतले आहे. वादळात सापडलेले जहाज वाचवण्यासाठी तांडेल माल समुद्रात फेकतो. हे त्याने स्वेच्छेने केले की नाही? हात त्याचेच, निर्णयही त्याचाच. पण शांत समुद्रात कुणी शहाणा माणूस असे करणार नाही. अ‍ॅरिस्टॉटल अशा कृतीला मिश्र म्हणतो, तरी स्वेच्छेच्या बाजूला झुकलेली. संत थॉमस अक्वायनासही भीतीपोटी केलेल्या कृतीबद्दल जवळजवळ तेच सांगतात. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते शिकलो होतो. त्या दिवशी प्रथम ध्यानात आले की वादळ उठवले कुणी, हा प्रश्न तिथे येत नाही, कारण समुद्राला दोष देता येत नाही. इथे मात्र वादळ माणसाने उठवले होते, तेही नकळत. आकडा ठरवून, दहा जणींच्या देखत ‘चालेल ना?’ असे विचारले की ‘नाही’ म्हणणारीला आपला पगार सर्वांसमोर मोजून दाखवावा लागतो.

आपणही हे करतो. लग्न ठरले की घरातल्या सर्व बायकांना एकाच रंगाच्या साड्या ठरतात. दुकानातून फोटो येतो आणि धाकटी जाऊ मुकाट्याने पैसे काढून देते.

मुलगी हुशार. ती म्हणाली, ‘पण फादर, तिला झेपणार नाही असं मीच ठरवणं हाही तिचा अपमान नाही का?’ आहे. सर्वांदेखत तिला सवलत देणे तर त्याहून वाईट. करिंथच्या मंडळीत जेवणाच्या वेळी ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाज आणली जात होती, याचाच संत पौलाला संताप आला होता. कानामध्ये पवित्र मरियेने काय केले पाहा. द्राक्षारस संपल्याचे तिच्या लक्षात आले. ती आपल्या पुत्राशी बोलली, नोकरांशी बोलली. भोजनकारभाऱ्याला शेवटपर्यंत काही कळले नाही.

म्हणून मी सांगितले, बाय, आकडा मागे घे. प्रत्येकीला एकटीला विचार, जास्तीत जास्त किती जमेल? त्यातला सर्वांत लहान आकडा धर आणि तो कुणाचा हे कुणालाही सांगू नकोस.

न विचारलेली आणखी माणसे आहेत. जुन्या शहरातल्या इमारतीत फ्लॅट घेतला की वरच्या मजल्यावर मुलांना झोपवणारी आई असते. क्राकोवने १ जुलै २०२३ पासून दुकानांत व पेट्रोल पंपांवर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दारूविक्री बंद केली. प्रागने २०२४ मध्ये रात्रीच्या पब-फेऱ्या आयोजित करण्यावर बंदी घातली. कंटाळलेल्या शेजाऱ्यांचे ऐकूनच हे घडले.

एजंटाच्या यादीत मिठाची खाण, नेमबाजी आणि ऑशविट्झ एकाखाली एक होते. ऑशविट्झ तिथून सुमारे ६५ किलोमीटरवर. तिथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, बहुतेक ज्यू. संत मॅक्सिमिलियन कोल्बे १९४१ मध्ये तिथेच गेले, तत्त्वज्ञानाच्या विदुषी संत एडिथ स्टाइन १९४२ मध्ये. गुलाबी पट्टा लावून, आदल्या रात्रीच्या जागरणानंतर तिथे जाऊ नये असे मला वाटते. मुलीने ते आधीच खोडले होते.

मिठाची खाण मात्र राहिली. व्येलिच्का येथे शंभर मीटर खोल, मिठातच कोरलेले संत किंगाचे प्रार्थनामंदिर आहे. हंगेरीच्या या राजकन्येने आपली साखरपुड्याची अंगठी तिकडच्या खाणीत टाकली आणि ती पोलंडमध्ये मिठाच्या पहिल्या ढेकळात सापडली, अशी आख्यायिका आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये तिला संतपद दिले. लग्नाआधी पाहायला याहून चांगली जागा कोणती?

वसंतात त्या जाऊन आल्या. एकच रात्र, साधे हॉस्टेल, टी-शर्ट नाहीत, मोठे जेवण नाही. केअर असिस्टंट बाई आली होती आणि खाणीतून वर येईपर्यंत तिचे हसणे थांबत नव्हते, असे मुलीने फोनवर सांगितले. वधू थोडी हिरमुसली होती. तिला कारण सांगता येत नव्हते आणि मुलीने ते सांगितलेही नाही. आपली ही इंडियन मैत्रीण खर्चाच्या बाबतीत जरा चिकट आहे, असे तिला आजही वाटते.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू