सेल बदलायचा का?

राउटरचं झाकण उघडलेलं आहे. वायर काढलेली आहे. घाई कसलीच नाही.

जरा टेका. श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आता बोर्डाच्या कडेला बघा. एक गोल, चपटा सेल. रुपयाएवढा. त्यावर बारीक अक्षरं: सीआर२०३२. शेजारी अधिकची खूण.

२० मिलिमीटर रुंदी. ३.२ मिलिमीटर जाडी. नावातले आकडे तेच.

हात नको अजून. नुसतं बघा.

घरातल्या बहुतेक राउटरांत असा सेल नसतोच; ते दर वेळी नेटवरून वेळ विचारून घेतात. याच्यात आहे. जवळच क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक आहे. सेकंदाला ३२,७६८ वेळा तो थरथरतो. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही. तरी कान द्या.

लाइट असते तेव्हा या सेलला फारसं काम नसतं. पण आत्ता वायर काढलेली आहे.

म्हणजे या क्षणी वेळ तोच सांभाळतो आहे.

थांबा इथे. एक श्वास. अजून एक.

आता तो संपलाय असं मनात आणा. रात्री लाइट जाते, येते. राउटर सुरू होतो. कित्येकदा त्याच्या लेखी तारीख १ जानेवारी १९७० असते. आजची सर्टिफिकेटं त्याला पुढच्या काळातली वाटतात, म्हणून तो ती मानत नाही. व्हीपीएन जुळत नाही. खरी वेळ विचारावी, तर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता त्याच्या नावावरून आधी शोधावा लागतो. नावावरची डिजिटल सही पडताळायची, तर पुन्हा वेळच हवी.

या फेऱ्याकडे शांतपणे बघा.

मग मल्टिमीटर घ्या. टोकं अलगद टेकवा. आकडा ठरेपर्यंत थांबा.

३ व्होल्टच्या आसपास? सेल जिवंत आहे. किती उरलाय, हे मात्र तो आकडा सांगत नाही. लिथियमचा सेल बराच काळ तिथेच राहतो आणि शेवटी झपाट्याने उतरतो.

राउटर हाताशी असेल, तर मी चांगला सेल काढणार नाही. डोंगरावरच्या टॉवरपाशी असेल, पुन्हा यायला अख्खा दिवस जाणार असेल आणि सेल जुना झाला असेल, तर आत्ताच बदलेन.

बदलताना अक्षरं पुन्हा वाचा. 'एमएल' असेल, तर तो चार्ज होणारा सेल आहे. त्याच्या जागी सीआर बसवू नका.

नवा सेल कडेने धरा. अधिकची बाजू बघा. हलकेच दाबा. मग तारीख-वेळ लावा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो लगेच ई-कचऱ्यात टाका. टेबलावर राहू देऊ नका. लहान मुलाने गिळला, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.