नाम बदललं, क्रियापद राहिलं

दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या मराठी माणसाला 'उभयलिंगी' म्हटलं की गांडूळ आठवतं, नाहीतर जास्वंदीचं फूल. संसदेनं 2019 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, तेव्हा त्याच्या अधिकृत हिंदी नावात नेमका हाच शब्द बसवला गेला. हेतू वाईट नसणार. कुणी कधी शिवी म्हणून न वापरलेला, स्वच्छ, संस्कृत वळणाचा शब्द हवा होता, तो मिळाला. पण एकाच देहात नर आणि मादी अशी दोन्ही इंद्रियं असणं ही शरीराची गोष्ट झाली. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांतल्या बहुतेकांचं सांगणं शरीराबद्दल नाहीच, 'मी कोण' याबद्दल आहे.

या गल्लतीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्याकडे पारधी, कैकाडी यांच्या संदर्भात आठवला जातो. त्याच कायद्याचा एक भाग हिजड्यांसाठी होता. मूळ अंमल उत्तर हिंदुस्थानात. त्यात शब्द होता 'युनक', आणि व्याख्या अशी की जो पुरुष स्वतः कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत नपुंसक ठरतो तो. म्हणजे ओळख डॉक्टरनं कपडे उतरवून ठरवायची. संशयितांची नोंद पोलिसांकडे. बायकी वेशात चारचौघांत नाचलं-गायलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. नोंदलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नसे, दत्तकही घेता येत नसे. गुरूकडून चेल्याकडे चालत जाणाऱ्या घराण्यावर हा घाव होता. त्याआधी मराठेशाहीत दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे इनामं होती, गावात भिक्षा मागण्याचा हक्क होता. कंपनी सरकारनं इनामांची चौकशी लावली तेव्हा हे हक्क नाकारले. सरकारदरबारी हक्कदार म्हणून असलेलं नाव पुढे पोलिसांच्या वहीत गेलं.

मराठी सार्वजनिक बोलण्यानं त्या वहीतलं बरंच काही उचललं. सरकार नाकर्तं असेल तर ते 'षंढ', विरोधक गप्प बसले तर त्यांना बांगड्यांचा आहेर. अग्रलेखापासून कोपरासभेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे आहे, आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही त्यात मागे नाहीत. ज्या भाषेत हिजडा असणं म्हणजे हिंमत नसणं, तिथे जाहीरनाम्यात कितीही सभ्य शब्द घातला तरी तो फार काळ टिकत नाही. थोड्याच दिवसांत तोही टोमणा होतो.

वर्तमानपत्रांनी गेल्या काही दशकांत रुळवलेला सभ्य शब्द म्हणजे 'तृतीयपंथी'. मराठी कानाला पंथ म्हटलं की वारकरी, महानुभाव, नाथपंथ आठवतात. पंथ घ्यावा लागतो, त्याला गुरू लागतो, दीक्षा लागते. हिजड्यांच्या घराण्याला हे वर्णन चपखल बसतं. गुरू, चेले, नातचेले, इलाका, आपली आपली जमात-पंचायत, सगळं तिथे आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातल्या जोगत्यांनाही ते बसतं. डोक्यावर देवीचा जग (मूर्तीची टोपली), गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर साडी, कपाळभर भंडारा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं जोगवा मागत दारात उभ्या राहिलेल्या जोगत्याच्या पाया पडून घरची म्हातारी सुपातलं धान्य घालते. राजीव पाटील यांच्या 2009 च्या 'जोगवा' चित्रपटातला तायप्पा पाहिलेल्यांना मात्र हेही माहीत आहे की हा पंथ नेहमी स्वतःहून घेतलेला नसतो. केसात जट निघाली, अंगात आलं, आणि गावानं पोरगं देवीला सोडलं, असंही होतं. 'जोगता' हा आपल्या सीमाभागातला शब्द 2019 च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा आणि अरवाणी यांच्या पंगतीत येऊन बसला, याची नोंद मराठीत फारशी कुणी घेतली नाही.

पण नाशिकच्या शाळेत आठवीत शिकणाऱ्या, मुलगा म्हणून नाव लागलेल्या आणि स्वतःला मुलगी समजणाऱ्या पोरीनं कोणता पंथ घेतलाय? ती कुणाची चेली नाही, तिला टाळी वाजवता येत नाही, आणि शिकायचीही नाही. पुण्यात नोकरी करणारा, जन्मदाखल्यावर 'स्त्री' लिहिलेला, दाढी राखणारा ट्रान्स पुरुष तर या शब्दाच्या आसपासही फिरकत नाही. 'तृतीयपंथी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सिग्नलवरची साडी येते, तो येत नाही. शब्द सभ्य आहे, पण त्यात जागा एकाच समूहाला आहे.

सरकारी रकान्यांनी बराच काळ समूहदेखील मानला नाही. 2009 मध्ये निवडणूक आयोगानं मतदार अर्जावर 'इतर' हा पर्याय दिला. 2011 च्या जनगणनेत देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 माणसं 'इतर'मध्ये मोजली गेली. 'इतर' म्हणजे किरकोळ खर्चाच्या खाली लिहितात तसं. तरी त्या रकान्यानं एक काम केलं: आकडा कागदावर आला.

कल्पना खऱ्या अर्थानं बदलली ती 15 एप्रिल 2014 रोजी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांच्या खंडपीठानं सांगितलं की लिंगओळख ठरवताना शरीर नव्हे, माणसाचं मन प्रमाण धरायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. 1871 च्या डॉक्टरी तपासणीचं हे थेट उलट टोक. या खटल्यात ठाण्याच्या कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचा सहभाग होता. त्यानंतर 'पारलिंगी', 'ट्रान्स स्त्री', 'ट्रान्स पुरुष' हे शब्द मराठीत जास्त दिसू लागले. 'पारलिंगी' मला आवडतो. त्यात शरीरात काय कमी-जास्त याची चौकशी नाही आणि कुणाच्या पंथात दाखल होण्याची अटही नाही.

तरी मला आवडतो म्हणून तो लादता येणार नाही. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. 1938 मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' शब्द घालायचा प्रस्ताव आला. भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली, ती मानली गेली नाही, आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. शब्द गोड होता, देवाचं नाव होतं, सद्‌भावना होती. ज्यांना तो चिकटवायचा त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

'किन्नर' या शब्दाचं थोडं असंच आहे. स्वर्गातले गायक वगैरे. काही जणींनी तो आनंदानं घेतला, त्या नावाचा आखाडा उभा राहिला. दुसरीकडे हिमाचलमधल्या किन्नौरच्या लोकांनी आपलं नाव असं वापरायला हरकत घेतली. आणि लक्ष्मी यांनी मराठीत आत्मकथन लिहिलं तेव्हा शीर्षक दिलं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!'. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी स्वतःच्या नावाआधी लावला. म्हणून तो आपल्यालाही मोकळा झाला असं नाही. त्यांनी स्वतःला म्हणणं वेगळं, रिक्षात बसून आपण म्हणणं वेगळं.

नामावर इतका खल होतो, पण मराठीत माणसाचा मान खरा जातो तो क्रियापदात. उदाहरणादाखल पोलीस-डायरीच्या वळणाचं हे वाक्य पाहा: 'तृतीयपंथी रेश्मा हा रस्ता ओलांडत असताना जखमी झाला.' नाम सभ्य, नाव तिचं स्वतःचं, आणि 'हा' नि 'झाला' यांनी दोन्हींवर पाणी फिरवलं. एवढ्याशा वाक्यात रेश्माला तीनदा उल्लेखलं आणि दोनदा नाकारलं.

इंग्रजीत हल्ली माणसाला त्याचं सर्वनाम विचारावं लागतं. मराठीत बहुतेक वेळा ती गरजच नाही, कारण आपली भाषा बोलणाऱ्याचं लिंग पहिल्याच वाक्यात सांगते. 'मी मालाडहून आले' म्हटलं की उत्तर मिळालं, 'आलो' म्हटलं तरी मिळालं. (कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी जातो' म्हणतात, तिथे एखादं वाक्य जास्त ऐकावं लागेल.) समोरच्याला पुरतं बोलू देणं एवढंच आपलं काम. ऐकूनही कळलं नाही, किंवा ती व्यक्ती स्वतःला बाई-पुरुष दोन्हींत धरत नसेल, तर सरळ विचारावं. तोवर 'तुम्ही' आहे, तो कुणालाच कमी पडत नाही.

लिहिणाऱ्यांची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. 'त्यांनी सांगितलं', 'त्यांना मार लागला', 'त्यांचं म्हणणं', 'त्यांच्याकडे', यांत कुठेच लिंग नाही. भूतकाळी सकर्मक क्रियापदाला सहसा कर्त्याशी देणंघेणं नसतं, ते कर्माच्या मागे जातं. भविष्यकाळातलं 'येतील' सगळ्यांना चालतं. मराठी व्याकरणाला पोरं कितीही शिव्या देवोत, पानभर बातमी माणसाचा मान राखून लिहिण्याची सोय त्यात आहे. उपसंपादकानं दहा मिनिटं द्यावीत.

अवघड जागा एकच: माणूस मेलेला असतो तेव्हा. तो बोलत नाही, आणि कागदावर जन्मनाव असतं. अशा वेळी सोबत राहणाऱ्यांना, गुरूला, मैत्रिणींना एक फोन करून विचारावं की या व्यक्तीला तुम्ही कशी हाक मारत होता. त्या सांगतील ते नाव आणि ते क्रियापद छापावं. पंचनाम्याचं क्रियापद पाळण्याची सक्ती वर्तमानपत्रावर कुणीही केलेली नाही.