सबूर आणि कसब

निपाणीच्या ज्या गल्लीत माझे बालपण गेले तिथे तंबाखूचा उग्र दर्प घरांच्या भिंतींत मुरलेला होता, आणि दुपारच्या वेळी जवळजवळ प्रत्येक उंबऱ्याशी कुणी ना कुणी स्त्री मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेली दिसे. आमच्या शेजारच्या मुसलमान घरातला कर्ता पुरुष गेला, तेव्हा त्याची पत्नी, जिला माझी आई भाभी म्हणे, इद्दतीला बसली. पतिनिधनानंतर चार महिने दहा दिवस विधवेने शक्यतो घराबाहेर पडू नये, असा शरीअतचा दंडक आहे. तिसऱ्या दिवसाची जियारत उरकली आणि चौथ्या दिवशी आई मला घेऊन भेटीस गेली, तो भाभींच्या मांडीवर सूप होतेच. पत्र्याच्या मापावर पान कातरावे, चिमूटभर जर्दा पसरावा, वळावे, तोंड मुडपावे, दोरा बांधावा. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसण्यापुरतेही हात थांबत नव्हते. आई म्हणाली, "भाभी, चार दिवस तरी हात थांबवा की." त्यावर त्या म्हणाल्या, "हात थांबला की डोस्कं चालतंय, वैनी."

या उत्तराचा अर्थ उलगडण्यास मला पुष्कळ वर्षे लागली, याचे कारण असे की इस्लामी श्रद्धेतले सांत्वन म्हणजे नशिबावर हवाला टाकून निमूट बसणे, अशी जी समजूत आमच्याकडे सरसकट आढळते, ती मीही बाळगून होतो. वास्तविक या विचाराच्या उगमाशीच अश्रू आहेत. तान्हा पुत्र इब्राहीम अखेरचे श्वास घेत असता पैगंबरांचे डोळे पाणावले, आणि एका सोबत्याने विस्मयाने विचारले असता त्यांनी त्या अश्रूंना करुणा म्हटले, ही हकीकत हदीसग्रंथांत नमूद आहे. सब्र, म्हणजे धीर धरणे, याचा अर्थ न रडणे नव्हे, हे तेथेच ठरून गेले. हानीकडे पाहण्याची दृष्टीही त्याच काळातली. उम्मे सुलैम या स्त्रीने, पती घरी परतल्यावर, मूल गेल्याचे एकदम न सांगता, शेजाऱ्याने उसनी दिलेली वस्तू परत मागितली तर ना म्हणता येईल काय, असे आधी विचारले. नवव्या शतकात अल्-किंदी या तत्त्वज्ञाने दुःखनिवारणावर स्वतंत्र प्रबंध लिहिला, त्यातही आपल्याजवळचे सारे उसनवारीचे आहे आणि धनी ते केव्हाही परत नेईल, हाच युक्तिवाद अधिक तर्कशुद्ध रीतीने मांडलेला आहे. (मला स्वतःला उम्मे सुलैमची मांडणी अधिक पटते, ती मांडताना तिचे मूल आतल्या खोलीत निजविलेले होते.)

परंतु सारेच उसने असेल तर मिळवायचे तरी कशासाठी? या प्रश्नावर मोठा वाद माजला. ईश्वरावरील भरवसा, ज्याला तवक्कुल म्हणतात, तो पुरा असेल तर उद्याच्या भाकरीसाठी आज हात हलविणे हाच अविश्वास होय, असा कल शकीक बल्खीसारख्या आरंभीच्या सूफींचा होता. उलट पक्ष 'कस्ब' म्हणजे अर्जन हे कर्तव्यच मानी, आणि उंट आधी बांध, मग भरवसा ठेव, या पैगंबरांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या उपदेशाकडे बोट दाखवी. या वादाचा निवाडा ज्याने केला तो धर्मपंडित गजाली स्वतः चिंतेने पोळलेला होता. इसवी सन १०९५ मध्ये, बगदादच्या निजामिया विद्यालयात कीर्तीच्या शिखरावर असताना, पाठ देण्यास बसले की त्याची जीभ उचलेना, घोट घशाखाली उतरेना, आणि रोग मनातून शरीरात उतरला आहे असे सांगून वैद्यांनी हात टेकले. हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. पद सोडून तो निघून गेला, वर्षानुवर्षे फिरला, आणि पुढे 'इह्या' या ग्रंथात त्याने निर्वाळा दिला की समोर ताट असून हात पुढे न करणे हा भरवसा नव्हे, वेडेपणा आहे. भरवसा हाताच्या हालचालीत नसतो, मनाच्या टेकण्यात असतो.

गजालीने बगदाद सोडले त्याच वर्षी अब्दुल कादिर जिलानी नावाचा तरुण विद्यार्थी त्या शहरात आला, ज्याला पुढे लोक दस्तगीर, म्हणजे हात धरणारा, म्हणू लागले. निपाणीचा उरूस भरतो तो याच दस्तगीरांच्या नावाचा, आणि तेथील दर्ग्याची स्थापना बाबामहाराज चव्हाण या हिंदू साधुपुरुषाने केलेली आहे.

बेळगावच्या किल्ल्यात असदखान या सरदाराने सफा मशीद उभारली त्या आदिलशाही काळात, दफ्तरातून आणि बाजारातून, या वादाचे शब्द आमच्या भाषेत उतरले: सब्राची सबूर झाली, कस्बाचे कसब झाले, आणि 'फिक्र', ज्याचा अरबीत अर्थ नुसता विचार, त्याची आम्ही फिकीर केली. भाभींचे उत्तर मला उमगले ते येथे. त्यांना विचार थांबवायचा नव्हता. विचाराची फिकीर होऊ द्यायची नव्हती.

मात्र सबूर कोणी कोणास सांगावी, यालाही मर्यादा आहे. अल्लाहने नेले ते निराळे आणि माणसाने लुबाडले ते निराळे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले तेव्हा त्यांना सबुरीचा उपदेश करणारे नव्हते असे नाही. भाभींना हा भेद पक्का ठाऊक होता. इद्दतीच्या काळात कारखान्यात विड्या पोचविण्यास त्यांचा आठ वर्षांचा मुलगा जाई, आणि पोर पाहून तपासनीस नेहमीपेक्षा अधिक विड्या छाट म्हणून बाजूला काढी, त्यांचे पैसे मिळत नसत. तो रडत येई आणि भाभी काही न बोलता रोजचा आकडा कोळशाने भिंतीवर मांडून ठेवीत. चार महिने दहा दिवस भरल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी ते आकडे एका कागदावर उतरविले, कागद पदराच्या गाठीत बांधला आणि आईला हाक मारली, "वैनी, येताय काय कारखान्यापत्तोर?"