हळदीची चाल

भडगावात पहाटे साडेपाचला दोन आवाज ठरलेले. एक कुणाच्या तरी नळाला पाणी आल्याचा आणि दुसरा स्टँडवरून सुटणाऱ्या पहिल्या एसटीचा. परवा मी त्यात तिसऱ्याची भर घातली. झोप उडाली होती म्हणून मोबाइलवर आयर्लंडची हार्प लावून ओट्यावर बसलो होतो. माय झाडू हातात घेऊन दारात थांबली.

“हाई काय वाजी ऱ्हायनं रे?”

“एक आंधया मानूसनी चाल शे, माय.”

तिनं थोडं ऐकलं आणि विचारलं, “लगननी शे का मयतनी?”

मला उत्तर देता येईना. कारण चाल होती निरोपाची, आणि निरोप लग्नातही असतो.

चाल बांधणाऱ्याचं नाव टरलॉ ओकॅरोलन, जन्म १६७० चा. अठराव्या वर्षी देवीच्या साथीत डोळे गेले. वडील ज्यांच्याकडे कामाला होते त्या घरच्या मालकीणबाईंनी, मिसेस मॅक्डरमॉट रो यांनी, त्याला तीन वर्षं हार्प शिकायची सोय करून दिली. मग एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन वाटेला लावलं. पुढची पंचेचाळीसेक वर्षं हा माणूस वाड्यावाड्यांवर फिरला. ज्या घरी उतरला त्या घरच्या माणसावर चाल बांधायची, तिथं जेवायचं, पुढं निघायचं. १७३८ साली आजारी होऊन तो त्याच मालकीणबाईंच्या घरी परत आला. सांगतात, की आल्यावर त्यानं हार्प मागितली, एक शेवटची चाल वाजवली आणि अंथरूण धरलं ते कायमचं. मी लावली होती ती हीच.

हार्प म्हटलं की आपल्याला परक्या देशातली वस्तू वाटते. पण समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर जी वीणा घेऊन बसला आहे, ती नीट पाहा. धनुष्यासारखा बाक आणि त्यात ताणलेल्या तारा. आपली जुनी वीणा म्हणजे हार्पच होती. आपण ती सोडली, त्यांनी धरून ठेवली. खरं तर त्यांच्याही हातून ती जवळजवळ सुटलीच होती.

पण मायचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कॅरोलनच्या चालींना माणसांची नावं आहेत. अमुक साहेब, तमुक बाई, फॅनी पॉवर, जॉर्ज ब्रॅबझन. ज्यानं जेवू घातलं त्याचं नाव चालीला. आमच्याकडे चालीला कुणाचंच नाव नाही, तिला कामाचं नाव आहे. हळदीची चाल. आखाजीला झोक्यावर म्हणायची गवराईची चाल. कानबाईच्या रोटांची चाल. माय तेच विचारत होती, हे कुठल्या कामाचं म्हणून. काम माहीत नसलेली चाल तिच्या हिशेबात बसत नाही. चाल कुणी बांधली हे मात्र तिनं उभ्या जन्मात कुणाला विचारलेलं नाही.

कॅरोलन गेल्यावर अर्ध्या शतकात त्या वादकांची परंपरा संपायला आली. तेव्हा बेलफास्टमधल्या काही जाणत्या लोकांनी जुलै १७९२ मध्ये उरलेसुरले हार्पवादक एकत्र बोलावले. आयर्लंडभरातून दहा जमले आणि एक वेल्सचा. त्यांतले बरेचसे आंधळे. सगळ्यांत थोरला डेनिस हेम्पसन, वय ९७. पितळी तारा वाढवलेल्या नखांनी छेडण्याची जुनी रीत त्या जमलेल्यांत त्याच्या एकट्याच्या हातात राहिली होती. वाजवलं ते टिपून घ्यायला एका १९ वर्षांच्या पोराला बसवलं होतं, एडवर्ड बंटिंगला. त्यानं उरलेला जन्म याच कामात घातला आणि तीन पुस्तकं काढली. आज जगभर सेल्टिक हार्प म्हणून जे ऐकू येतं, त्यातलं पुष्कळसं त्या वह्यांतून आलेलं आहे.

मात्र बंटिंग पियानो वाजवणारा. त्यानं चाली छापल्या त्या पियानोच्या पट्ट्यांना सोयीच्या करून. गाण्यांचे आयरिश शब्द गोळा करायला १८०२ मध्ये त्यानं एक जाणकार गावोगाव पाठवला. त्यानं ते आणलेही. पण पुस्तकात छापल्या गेल्या इंग्रजी कविता. कॅरोलनच्या दोनशेच्या वर चाली आज वाजतात. त्यातल्या कित्येकांचे शब्द गेले ते गेलेच, आणि चाल वाजत असताना त्याचा दुसरा हात काय वाजवत होता, तेही कागदावर नाही.

त्यांच्याकडे चाल उरली आणि शब्द गेले. आमच्या खान्देशात नेमकं उलट झालं.

कवयित्री बहिणाबाई १८८० मध्ये असोद्याला जन्मल्या आणि १९५१ मध्ये गेल्या. अक्षरओळख नव्हती. शेतात, चुलीपुढं, जात्यावर त्या बोलत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी जमेल तसं ते उतरून घेतलं. अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये पुस्तक आलं आणि मराठी माणूस थक्क झाला. (त्यांची बोली आमची अहिराणी नव्हे, बरं का. असोद्याकडे जात्याला घरोट म्हणतात, इकडे घट्या. बाहेरचे लोक सगळ्याला एकच खान्देशी म्हणून मोकळे होतात.) शब्द असे वाचले. पण त्या शब्दांना बाईंची चाल कुठली होती? त्या पुस्तकात चाल छापलेली नाही. आज ‘अरे संसार संसार’ म्हणा असं कुणालाही सांगा, ओठांवर येते ती सिनेमातली किंवा शाळेतल्या बाईंनी शिकवलेली चाल. १९६१ च्या ‘मानिनी’त वसंत पवारांनी त्या गाण्यांना संगीत दिलं, आणि सुंदरच दिलं. पण ती पवारांची चाल. घरोटावर बसलेल्या बाईची चाल तिच्याबरोबर गेली.

हे एकट्या बहिणाबाईंचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. काम फार मोठं. तिथंही गळ्यासकट ध्वनिमुद्रित झाल्या त्या थोड्या, बाकीच्या कागदावर.

चाल का निसटते ते मला माझ्याच घरात कळलं. आमचा घट्या आता मागच्या खोलीत, पोत्याखाली. चक्कीवरून पीठ येतं. लग्नघरात तेवढा तो बाहेर निघतो. धुऊन पुसून आंब्याची पानं बांधतात, पाच सवाष्णी बसतात आणि हळकुंडं टाकतात. तीही शास्त्रापुरती. लावायची हळद पुडीतली असते. एरवी कधीतरी मी मायला म्हटलं, हळदीचं गाणं म्हण, मी भरून घेतो. ती पाटावर बसली, पदर सावरला, दोन ओळी म्हणाली आणि अडली. शब्द पाठ होते, पण चाल धरता येईना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली. मग वैतागून उठली आणि म्हणाली, हात रिकामा असला की याद येत नाही.

मग पुतणीच्या लग्नात मी बारकाईनं पाहिलं. दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचे हात. दगडाची घरघर म्हणजे फुकटचा तंबोरा. एक बाई ओळ उचलते, तेवढ्यात दुसरीची मूठ जात्याच्या तोंडाशी जाते. घास पडला की जातं क्षणभर जड होतं, आणि नेमका तिथं सूर लांबतो. खुंटा अंगाकडे येताना एक शब्द, पुढं जाताना दुसरा. मायची चाल त्या दगडाच्या फेऱ्यात ठेवलेली होती. पाटावर ती कुठून येणार? हेम्पसनची चाल नखांत आणि पितळेत होती, तीही पियानोवर पूर्ण आलीच नसणार.

त्या दिवशी मी ते भरून घेतलं नाही. अंगणात डीजेवाला आवाज तपासत होता, आणि मोबाइल कुणाच्या तरी पोराच्या हातात गेम खेळायला होता.

लगीनसराईत घरात हळद दळायला बसतील तेव्हा डीजेवाल्याला अर्धा तास चहाला पाठवा आणि मोबाइल घट्याच्या जवळ जमिनीवर ठेवा. गाणारीनं आधी आपलं नाव, माहेर आणि चाल कुणाकडून घेतली ते सांगावं. मध्ये घरघर येईल, बांगड्या वाजतील, कुणी हसेल. ते कापू नका.